कोंबडीच्या पायाचं सील

७ फेब्रुवारी

चि. बेबी,

फोनवर माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतेस, म्हणून लिहितो आहे. पत्र फाडायचं झालं तरी आधी निदान दोन ओळी वाचल्या जातात. तुझ्या नोकरीच्या हॉस्पिटलच्या पत्त्यावर पाठवतो आहे, कारण तू हल्ली कुठे राहतेस ते मला कोणी सांगितलेलं नाही.

आईच्या ऑपरेशनवरून आपल्यात जे बोलणं झालं, ते मी इथे काढणार नाही. मला फक्त एक विचारायचं आहे. मागच्या दाराची किल्ली अजून तुझ्याकडे आहे का? हो किंवा नाही, एवढंच कळव.

कारण सांगतो. सरकार लंगडायला लागली होती. तुझ्या आईच्या कोंबड्यांमधली आता ती तांबडी एकटीच उरली आहे. पूर्वी अंगणात छाती काढून चालायची आणि तुझी आई मला म्हणायची, "बाजूला व्हा, सरकार येतंय." ती एक पाय पोटाशी घेऊन उभी राहायला लागली. उचलून पाहिलं तर तळव्याच्या मधोमध काळी खपली आणि भोवती सूज. खोक्यात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "काका, कोंबडीचं कसलं ऑपरेशन? दुसरी आणा." मी म्हटलं, दुसरी नकोय. तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "मग मिठाच्या कोमट पाण्यात पाय भिजवा आणि ती खपली काढा. आत गळू आहे. कोंबडीचा पू वाहत नाही, घट्ट होऊन बसतो. तो गड्डा निघाला तर पाय वाचेल. नाहीतर विष अंगात भिनतं आणि कोंबडी जाते."

रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर काढला. वरच्या मजल्यावरच्या टायपिंगबाई मदतीला आल्या होत्या. बाई निवृत्त झाल्या, तरी समोरचा बोलायला लागला की त्यांची बोटं टेबलावर चालतातच. त्यांनी सरकारला टॉवेलात गुंडाळून कुशीत धरलं आणि डोळ्यांवर रुमाल टाकला. अंधार झाला की ती गप्प होते. मी नवीन ब्लेड उकळून घेतलं होतं.

बाई म्हणाल्या, "भावोजी, कोणीतरी थरथरतंय. कोंबडी तर नाही."

खपली कडेने सोडवली. खाली मेणासारखा पिवळा गड्डा होता, साधारण वाटाण्याएवढा. चिमट्याने ओढला तेव्हा मुळासकट आला. सरकार एकदाच ओरडली. मग आयोडीन, मलम, कापडाची घडी, आणि वरून बोटांमधून घेऊन चिकटपट्टी. सगळं मोबाइलवरच्या व्हिडिओत दाखवलं तसं केलं. तिला मागच्या खोलीत भुश्यावर ठेवलं.

आता मुद्द्याचं. मंगळवारी संध्याकाळी कामावरून आलो तर पायाची पट्टी मी बांधलेली नव्हती.

माझं काम तुला माहीत आहे. वर्कशॉपमध्ये पाण्याचे मीटर येतात आणि सील कोणी उघडून परत बसवलं आहे का ते मी बघतो. बाहेरून सगळं जागच्या जागी दिसतं, पण तारेला एकदा दिलेला पीळ दुसऱ्याला तसाच देता येत नाही. आयुष्य त्यात गेलं. मी चिकटपट्टी सरळ कापतो. या पट्टीचं टोक आत दुमडलेलं होतं, पुढच्या वेळी सोडवताना नखाने कुरतडायला लागू नये म्हणून दुमडतात तसं. शिवाय माझ्यापेक्षा एक वेढा कमी होता. पुढचं कुलूप, मागचं कुलूप, दोन्ही शाबूत.

बाईंना विचारलं. म्हणाल्या, "मी दुपारी झोपते. माझ्यावर कशाला घेताय?"

मी त्यांच्यावर काही घेतलं नव्हतं. नुसतं विचारलं होतं.

किल्लीचं कळव.

बाबा

१३ फेब्रुवारी

चि. बेबी,

तुझं उत्तर आलं नाही. ते नाही असं मी धरत नाही, आणि हो असंही नाही.

पट्टी परत बदलली गेली. या वेळी मी तयारीत होतो. मागच्या दाराच्या आत उंबऱ्याला लागून खडूची पूड टाकली होती. संध्याकाळी पूड जशीच्या तशी होती. म्हणजे येणाऱ्याला ती दिसली आणि त्याने ओलांडली. चोर इतका बघून पाय टाकत नाही. ज्याला माझा स्वभाव माहीत आहे तोच टाकेल.

बाईंनी ती पूड पाहिली. "हे काय? झुरळं झाली का?"

"नाही. कोण येतं ते बघतोय."

"आणि आलं, तर काय त्याला जेलात टाकणार? कोंबडीची पट्टी बदलल्याबद्दल?"

"माझ्या घरात मला न विचारता कोणी यायचं नाही."

"बरं," बाई म्हणाल्या. बोटं टेबलावर चाललीच होती. काय टाइप करत होत्या देव जाणे.

मलमाची ट्यूब शेवटाकडून गुंडाळत आणलेली आहे. मी मधूनच दाबतो. आपल्या घरात टूथपेस्टवरून रोज सकाळी कोण कोणाला बोलायचं ते तुलाही आठवत असेल. तुम्ही दोघी एका बाजूला आणि मी एका बाजूला. त्यातली एक आता नाही. तेव्हा ट्यूब कोणी गुंडाळली याचा हिशोब लावायला फार शिक्षण लागत नाही.

जखम बरी दिसते आहे, हे लिहायला हवं. कडा गुलाबी आहेत, वास नाही. सरकार काल भुश्यावरून उतरून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली आणि माझ्या पायाशी चोच मारून परत गेली. ती माझ्या हाकेला अजून ओ देत नाही. तुझी आई तिला कशी हाक मारायची ते मी कधी नीट ऐकलंच नव्हतं. मी डबा वाजवतो.

पण बरी होते आहे म्हणून मला ते चालेल असं नाही. आईच्या वेळीही सुरुवातीला बरी होते आहे, बरी होते आहे, असंच सगळे सांगत होते. मग एका रात्रीत ताप चढला. त्या जखमेपर्यंत कोणाकोणाचे हात पोचले ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. तू त्याच वॉर्डात ड्युटीवर होतीस. या वेळी मला कळलंच पाहिजे. हात लावणार असेल तो समोर येऊन लावेल.

तुला यायचं असेल तर मी घरी असताना ये. स्वतःच्या घरात चोरासारखं यायची तुला काय गरज?

आणि तू येत नसशील, तर तसंही लिही. म्हणजे मला दुसरीकडे शोधता येईल.

बाबा

१८ फेब्रुवारी

चि. बेबी,

मागच्या दाराचं कुलूप बदललं. कळावं म्हणून लिहितो. तुझ्याकडे जुनी किल्ली असेल तर ती आता लागणार नाही. नसेल, तर हे वाचून सोडून दे.

बाईंनी कुलूपवाल्याला जिन्यात गाठून विचारलं, "सोन्याचं अंडं देते का हो ती?" कुलूपवाला हसला. मी हसलो नाही. त्या दिवसापासून बाई मला जिन्यात दिसल्या की वर बघतात, जणू छताला काहीतरी झालं आहे.

आणखी एक केलं. वर्कशॉपमधून पितळी तारेचा तुकडा आणि शिशाचं एक सील आणलं. भंगारातलं होतं, साहेबांना विचारून आणलं. पट्टी स्वतः बांधली, चांगली घट्ट, आणि वरून तार फिरवून टोकं सिलात घालून पक्कडीने दाबली. आता ती पट्टी सील तोडल्याशिवाय सुटणार नाही, आणि सील तुटलं की मला कळणार. मीटरला लावतो अगदी तसं.

बाईंनी ते पाहिलं तेव्हा कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आता तिचं रीडिंग घ्यायला माणूस कधी येतो?"

मी म्हटलं, "बाई, चेष्टा पुरे."

"चेष्टा तुम्ही लावली आहे तिच्या पायाला. रोज उघडून बघायला नको का? बेबी तरी असं..."

"बेबीचं काय?"

"काही नाही. तिला यातलं कळतं, एवढंच म्हणत होते."

मी ते ऐकून ठेवलं आहे.

शुक्रवारी बांधली, अजून सोडलेली नाही. सोडली तर सील लावण्यात काय अर्थ? जखम भरत आली होती, तेव्हा चार दिवस हात न लावता राहिली तर उलट बरंच. तीन दिवसांत सील जसंच्या तसं आहे. म्हणजे कुलूप बदललं ते बरोबर केलं. सरकार आज दाणे टिपत नाही. खोक्यात डोळे मिटून बसते. बाहेर हवा बदलली आहे, त्यामुळे असेल. पाण्याची वाटी तिच्यासमोर आणून ठेवली आहे.

तुझं उत्तर आलं नाही, पण आता त्याची घाई नाही.

बाबा

१९ फेब्रुवारी

बेबी,

हे बाईंच्या हातून पाठवतो आहे. त्या म्हणाल्या की तू कुठे असतेस ते त्यांना माहीत आहे. मी त्यांना दुसरं काहीही विचारलं नाही.

सील तोडलं. तार मांसात रुतली होती. पाय सुजला आणि तार तिथेच राहिली. मीटर सुजत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बाहेरचं बोट काळं पडलं आहे आणि गार लागतं. पुढच्या बाकीच्या दोन बोटांना दाबलं तर थोडी ऊब आहे, निदान मला तसं वाटतं. तळव्याची जखम उघडली आहे. वास येतो आहे.

दवाखान्यात फोन केला. ते म्हणाले, आणूच नका, तिचे हाल कशाला करता, घरीच यातून सोडवा तिला. माझ्याने ते होणार नाही.

मागचं दार उघडं ठेवलं आहे. मी घरात नको असेन तर वर बाईंकडे जाऊन बसेन. बाईंना तसं सांगून पाठव.

कोमट पाणी तयार आहे. दुसरं काय लागेल ते सांग.

बाबा

३ मार्च

चि. बेबी,

तू येऊन गेलीस त्याबद्दल हे आहे. जे झालं ते तुला ठाऊकच आहे, तरी लिहितो, कारण तू इथे होतीस तेव्हा मी बोललो नाही.

मी वर गेलो नाही. तू तसा निरोप पाठवला नव्हतास, म्हणून थांबलो. तू आलीस, खांद्यावरची बॅग काढली नाहीस, "कुठे आहे?" एवढंच म्हणालीस. तू वाळली आहेस. तेही तेव्हा बोललो नाही. बाईंनी सरकारला टॉवेलात घेतलं, पण तू म्हणालीस, "बाबांना धरू दे." मी माझा हात थरथरतो म्हणून सांगितलं. "थरथरू दे. घट्ट धरू नका फक्त."

तिचं वजन किती कमी झालं होतं ते मला तेव्हा कळलं. रोज बघत होतो, पण बघत होतो ते सील.

तू पाय पाण्यात धरून एकेक बोट चाचपलंस. मग वर न बघता विचारलंस, "शेवटचं ड्रेसिंग कोणी केलं?"

मी टॉवेलाचं टोक नीट करत राहिलो.

"बाबा, कोणी केलं आणि कधी, ते सांगा. मला भांडायचं नाहीये. पुढे काय करायचं ते त्यावर ठरतं."

"मी. शुक्रवारी."

"बरं," म्हणालीस, आणि कात्री मागितलीस.

बेबी, हाच प्रश्न मी तुला तुझ्या वॉर्डाबाहेरच्या पॅसेजमध्ये विचारला होता. तुमच्या मेट्रन उभ्या होत्या, दोन वॉर्डबॉय होते, मोठ्याने विचारला होता. मला पुढचं काहीच ठरवायचं नव्हतं, कारण ठरवण्यासारखं काही उरलं नव्हतं. आधीच्या पत्रात मी लिहिलं की कोणाचे हात पोचले ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. ते खरं नाही. तू तिथल्या तिथे सांगितलं होतंस, "मी केलं होतं, बाबा." आणि मी बरं म्हटलं नव्हतं.

यापुढे याबद्दल काय लिहायचं ते मला सुचत नाही. सुचलं तर वेगळं लिहीन.

तू ते बोट सांध्यापाशी कापलंस तेव्हा फार रक्त आलं नाही. म्हणालीस, "हे आधीच गेलं होतं. बाकीची दोन वाचतील." बाई तोंड फिरवून उभ्या होत्या आणि तरी विचारत होत्या, "झालं का? झालं का गं?" तू म्हणालीस, "मावशी, तुम्हीच फोन करून सांगितलंत ना, बाबांनी कोंबडीचं ऑपरेशन केलंय, ये बघायला. आता बघा." बाई म्हणाल्या, "मी काही फोनबिन केला नाही," आणि लगेच, "केला तर केला. कोणीतरी करायलाच हवा होता."

मग तू पट्टी बांधलीस. पट्टीखाली तुझी करंगळी शिरते की नाही ते पाहिलंस. माझी करंगळी धरून घालून पाहिलीस. इतकी सैल बांधतात हे मला माहीत नव्हतं. माझ्या कामात सैल म्हणजे चूक.

जाताना तू आईच्या फोटोकडे गेली नाहीस. मी पाहत होतो. हे सुद्धा लिहून टाकतो, कारण मी पाहत होतो हे तुला कळलंच असणार. तू खोक्यातला भुसा उपसलास, नवा भरलास, हात धुतलेस आणि गेलीस. माझ्या मनात आलं की मला टाळायलाच तू इतका वेळ त्या भुश्यात घालवलास. मग दुसऱ्या दिवशी मी भुसा बदलला तेव्हा मलाही तेवढाच वेळ लागला.

आता सरकारची हकीकत. पहिले दोन दिवस ती काही खाईना. मी दाणे भिजवून, चमच्याच्या मागच्या बाजूने कुस्करून चोचीपुढे धरले. नुसती बघत राहिली. तिसऱ्या दिवशी चमच्यालाच चोच मारली, जोरात. बाई वरून ओरडल्या, "आवाज कसला?" मी म्हटलं, "जेवतेय." त्या जिना उतरून बघायला आल्या आणि येताना तुझ्यासाठी म्हणून लोणी-पाव घेऊन आल्या. तू नव्हतीस. तुझी वाट त्याही बघतात, म्हणजे फक्त मीच नाही.

रोज सकाळी पट्टी सोडतो, धुतो, मलम लावतो, बांधतो, आणि करंगळी घालून बघतो. तळव्याच्या जखमेवर पातळ कातडी धरली आहे. बोट गेलं तिथे कोरडं आहे. उभी राहते तेव्हा थोडी बाहेरच्या बाजूला झुकते, पण काल अंगणात सोडली तर चार पावलं नीट टाकली आणि कुंडीतली माती उकरायला लागली, त्याच पायाने. मी पळत जाऊन उचलली. बोलली मला. कोंबडी बोलते तशी, पण बोललीच.

आणखी एक सांगायचं आहे. परवा वर्कशॉपमध्ये एक मीटर आला होता. सील उघडून परत लावलेलं होतं, आणि इतकं सफाईने की नव्या पोराने पास केलं असतं. मी पकडलं. साहेब म्हणाले, "तुमची नजर म्हणजे नजर आहे." पूर्वी मी घरी येऊन हे तुझ्या आईला सांगितलं असतं. या वेळी मीटर बाजूला ठेवला आणि बराच वेळ हात धूत बसलो.

पट्टी कायमची काढायला तू गुरुवारी येणार आहेस असं बाईंकडून कळलं. तू त्यांना सांगितलंस, मला नाही. त्यावर माझं काही म्हणणं नाही. नव्या कुलपाची एक किल्ली बाईंकडे दिली आहे.

गुरुवारची रजा मी मागून ठेवली आहे. पण नको असेन तर ती रद्द करेन आणि नेहमीसारखा सकाळी निघून जाईन. दोन्ही चालेल. कसं हवं ते बाईंनाच सांग.

मी कामावर गेलो आणि तू येऊन गेलीस, तर संध्याकाळी घरात पाय टाकताच ते मला कळेल. टॉवेल कुठे वाळत घातला आहे, पाण्याची वाटी कुठल्या बाजूला सरकली आहे, खुर्ची किती मागे ओढली आहे. त्याला माझा इलाज नाही, ते आपोआप दिसतं. पण मी बाईंना काही विचारणार नाही. खुर्ची आहे तिथेच राहू देईन आणि त्याच खुर्चीत बसून चहा घेईन.

बाबा